एच ड्राइव्हवरची अकरा पानं

माझ्या नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे — असं त्याला वाटतं. आईला वाटायचं, बहिणीला वाटतं. हे मात्र त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि आधीच बजावून ठेवते — 'जाऊ दे, लहान होतीस तेव्हा' असं म्हणायला येऊ नका. तेवीस वर्षांची होते. तेवीस वर्षांची बाई लहान नसते.

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात होते मी. नाव सांगत नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती. देवळाली कॅम्पातून रोज सकाळी बस, मग दुसरी बस, मग चालत. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, कंत्राटावर डेटा एंट्रीला घेतलेली. कंत्राटावर होते हे सबब म्हणून सांगत नाहीये, फक्त होते एवढंच.

आत शेडमध्ये बायका दोनच. एक मी आणि दुसरी निर्मला पगारे. सगळे पगारेबाई म्हणायचे, मी ताई म्हणायचे. ताई इन्स्पेक्शनला होती. मशीनवरून आलेला नग हातात घ्यायचा, बोअर गेज आत घालायचा, भोकाचा व्यास मोजायचा आणि लिहायचा. रोज पंचवीस नग. अठरा वर्षं हेच. तिनं 'ओके' म्हटलेला माल कधी परत आला नाही, असं लोक सांगायचे, आणि ते खरं होतं. ती मूळची चांदवडकडची, राहायला पंचवटीत. बोलणं गावाकडचंच राहिलं होतं शेवटपर्यंत.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "पोरी, संडास कुठंय ते दाखवलं का कोणी?" कोणी नव्हतं दाखवलं. कोण दाखवणार? बायकांचा संडास शेडच्या मागे होता आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. ताई म्हणाली, "तू जा आत. मी हाय उभी." त्या दिवसापासून मी आत आणि ती बाहेर, दाराकडे पाठ करून. नंतर ती आत आणि मी बाहेर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मॅक्रोचं. घाबरू नका, सोपं आहे. एक्सेलला एकदा काम शिकवून ठेवलं की एक बटण दाबल्यावर ते तेच काम रोज आपलं आपण करतं — त्याला मॅक्रो म्हणायचं. आमच्याकडे प्रत्येक खात्याची आपापली फाइल असायची. ती ज्याच्या-त्याच्या ड्राइव्हवर, म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर खात्यानं घेतलेलं एक कपाट समजा. स्टोअर्सचं कपाट एस, क्वालिटीचं एच, असं. देवरे साहेबांना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, साडेनऊच्या ठोक्याला सगळ्या खात्यांचा मिळून एक कागद टेबलावर हवा असायचा. आधी दोन माणसं फाइली उघडून आकडे उतरवत बसायची. मी मॅक्रो लिहिला. तो सगळ्या ड्राइव्हवर फिरायचा, प्रत्येक फाइलीतलं शेवटचं पान उचलायचा आणि एकत्र छापायचा. चार मिनिटांत.

काय रुबाब होता माझा! 'मॅक्रोवाली मॅडम' म्हणायचे. मॅक्रो अडला की धावत यायचे. अडायचा तो भलत्याच कारणांनी. कोणीतरी फाइलीला 'फायनल' नाव द्यायचं, दुसरा 'फायनल टू' करायचा. स्टोअर्समधल्या एकानं टेबलफॅन लावायला नेटवर्कच्या डब्याचीच वायर काढली होती. मी जायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे. शोधायचं डोकं मला होतं, अजून आहे. ते मी नाकारणार नाही — उगाच नम्रपणा कशाला?

मॅक्रो चालू झाल्यावर मी ताईचं कागदी रजिस्टर बंद करवलं. साहेबांना मीच म्हटलं, दोनदा लिहिण्यात काय अर्थ आहे? ताई कुरकुरली. "कागद असलेला बरा असतो गं स्वाते," म्हणाली. मी हसले. तिला खुर्चीवर बसवून टायपिंग शिकवलं. रोज फाइलीत नवीन पान जोडायचं, पंचवीस आकडे भरायचे, एचवर सेव्ह करायचं. तिला ते जमलं. शेऱ्याच्या रकान्यात ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची — 'लाइट गेली, वीस मिनिटं थांबले', 'गेज गार होता, परत मोजलं'. तो रकाना माझा मॅक्रो घेतच नव्हता. साहेबांना आकडे हवे होते, ताईचं पुराण नको होतं.

आणखी दोन गोष्टी होत्या त्या मॅक्रोत. तारीख टाकायला लोक विसरायचे, म्हणून तारीख तोच टाकायचा, त्या दिवशीची. आणि फाइल जुनी असली तर थांबून एक चौकट दाखवायचा — फाइल जुनी आहे, तपासा. ती चौकट मीच घातली होती. म्हणजे मला अक्कल होती. हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल पोरीला कळलं नसेल.

त्या वर्षी सिंहस्थ होता. नाशिकमध्ये सिंहस्थाचे दिवस कसे जातात ते नाशिककरालाच माहीत. पर्वणीच्या आगेमागे रस्ते बंद, रिक्षा बंद, पुलावर मुंगी शिरायला जागा नाही. कारखान्यात निम्मी माणसं गैरहजर. त्याच आठवड्यात व्होल्टेज वाढून ताईचा कॉम्प्युटर जळला. बाहेरचा नेटवर्कवाला आला, नवीन मशीन बसवून, ड्राइव्ह जोडून गेला. मोठा कॉम्प्युटरही तेव्हा नवा आणलेला होता. त्यानं ताईच्या फाइलीची नक्कल त्या नव्यावर उतरवली आणि तिच्या मशीनवरचा एच त्यालाच जोडला. माझ्या मशीनवरचा एच जुन्यालाच होता.

कळलं ना काय झालं? दोघींच्या पडद्यावर अक्षर तेच, कपाटं मात्र दोन. पण आमच्याकडे 'एचवर टाक' म्हणजे पत्ता असल्यासारखं सगळे बोलायचे, जणू एच म्हणजे नाशिकचा रविवार कारंजा चौक — कुठूनही निघा, तिथंच पोचणार. ताई रोज मोजत होती, रोज एचवर टाकत होती. माझा मॅक्रो रोज माझ्या एचवर जात होता, तिथं तिची जुनी फाइल पडलेली होती, तिचं शेवटचं पान उचलत होता आणि त्यावर आजची तारीख मारत होता.

पहिल्या दिवशी चौकट आली. फाइल जुनी आहे. मी म्हटलं, गर्दीत अडकली असेल ताई, उशिरा भरेल. दुसऱ्या दिवशी चौकट परत आली. सव्वानऊ वाजलेले, साहेब दोनदा डोकावून गेलेले. मॅक्रोत एखाद्या ओळीआधी एक बारीकसं चिन्ह टाकलं की ती ओळ झोपते. मी त्या चौकटीच्या ओळीला झोपवलं. साडेनऊला कागद टेबलावर. साहेब म्हणाले, "गुड."

ताईचं टेबल माझ्यापासून किती लांब होतं? पन्नास पावलं. जाऊन विचारायचं होतं — ताई, फाइल भरतेस ना? नाही गेले. दुपारी तिच्याबरोबर डबा खाल्ला, तेव्हाही नाही विचारलं. तिनं त्या दिवशी मेथीची भाजी आणली होती, आणि तिचे पाय सुजले होते. पंचवटीतून सातपूरपर्यंत चालत आली होती ना! मी म्हटलं, "कशाला आलीस ताई? अर्धं नाशिक घरी बसलंय." तर म्हणाली, "माल तर नाय बसला घरी. मोजायचं कोणी?"

अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. त्यानं कागद पुढे ओढले. साहेब रोज फक्त सरासरी मापात बसते ना एवढं बघून सही करायचे. त्यानं एकेक आकडा बघितला. अकरा दिवस तेच पंचवीस आकडे, त्याच क्रमानं. तो काही ओरडला नाही. कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "हे कुणी मोजलंय?"

आमच्या धंद्यात चूक माफ असते. नग वाईट गेला, माफ. न मोजता आकडे भरणं — ते माफ नसतं. ते म्हणजे भटजीनं मंत्र न म्हणता दक्षिणा घेण्यासारखं. ताई त्या महिन्यात इन्स्पेक्शनची इन्चार्ज होणार होती. कारखान्यातली पहिली बाई. पत्र टाइप झालेलं होतं — मीच केलेलं.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. "पगारेबाई, अकरा दिवस कालचंच आज चिकटवलंत?" ताई म्हणाली, "मी रोज मोजलंय साहेब. रोज भरलंय. माझं रजिस्टर असतं तर दाखवलं असतं." कोणीतरी मागून बोललं, पर्वणीला रामकुंडावर बसली असेल, कुठलं माप नि कुठलं काय. हसले लोक. साहेबांनी मला हाक मारली. "स्वाती, जरा बघ, कॉम्प्युटरचा काही घोळ आहे का."

त्यांनी विचारलं होतं, हे ऐका नीट. संशयाचा फायदा द्यायला माणूस तयार होता. माझ्या एका शब्दावर होतं सगळं.

मी ताईच्या मशीनवर बसले. मला किती वेळ लागला असेल? दहा मिनिटं, फार तर. एच उघडला आणि तिथं तिची फाइल होती. अकराच्या अकरा पानं. रोजचे वेगळे आकडे, खाली रोजचा शेरा. मग मी तो एच कुठल्या कॉम्प्युटरला जोडलाय ते बघितलं, आणि सगळं लख्ख दिसलं. माझा मॅक्रो, माझी तारीख, माझी झोपवलेली ओळ. नुसतं ओरडायचं होतं — साहेब, इकडे या, हे बघा! पडदा त्यांच्याकडे वळवायचा. बस. ताई सुटली असती. माझं काय झालं असतं? रागावले असते. कदाचित कंत्राट गेलं असतं, कदाचित नसतंही. मला आजही माहीत नाही, कारण मी ते होऊच दिलं नाही.

मी काय केलं ते सरळ सांगते. ताईच्या मशीनवरचा एच तोडला आणि जुन्या कॉम्प्युटरला जोडला. तीन क्लिक. अकरा पानं तिच्या पडद्यावरून गेली. पुसली नाहीत — नव्या कॉम्प्युटरवर तशीच होती, पण तिथं आहेत हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताई केबिनमधून आली. पदरानं तोंड पुसलं, चष्मा लावला, फाइल उघडली. खाली गेली, वर आली, परत खाली गेली. "अगं स्वाते," म्हणाली, "माझी पानं कुठं गेली?"

मी म्हटलं, "थांब हं ताई, बघते." आणि मी शोधायचं नाटक केलं. अर्धा तास! तिच्या शेजारी बसून, तिच्या माऊसवर हात ठेवून. हा फोल्डर उघड, तो उघड. ती पाठीमागे उभी राहून म्हणत होती, "तुला सापडंल. तुला समदं सापडतं."

मग मी साहेबांना जाऊन सांगितलं, मॅक्रोत काही दोष नाही, तपासलाय. फाइलीत पानंच नाहीत.

आता लोक काय म्हणतात माहिताय? असं काही झालं की म्हणतात, कॉम्प्युटरची चूक. मला राग येतो. कॉम्प्युटरनं दोन वेळा सांगितलं होतं, फाइल जुनी आहे. त्या शेडमध्ये खरं बोलणारे दोघेच होते, एक ताई आणि एक ती चौकट. दोघांची तोंडं मी बंद केली. तेव्हा यंत्रावर ढकलायचं नाही. मी ढकलत नाही, तुम्हीही माझ्या वतीनं ढकलू नका.

त्या अकरा दिवसांचा माल परत मोजला. सगळा चांगला निघाला, एकही नग नापास नाही. तरी कुणी विचारलं नाही की बाई मोजत नव्हती तर हे कसं. ताईला काढलं नाही. पॅकिंगला पाठवलं. इन्चार्जचं पत्र मी फाडलं, साहेबांनी सांगितलं म्हणून. बोअर गेज तिच्या हातात परत कधी आला नाही. आणि मी? मी पर्मनंट झाले. पुढे सगळ्या कॉम्प्युटरची मुख्य झाले. तिथली पहिली बाई इन्चार्ज — मी. टाळ्या वाजवल्या लोकांनी, ताईनं पण वाजवल्या.

आणि तो संडास. पॅकिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. तरी दुपारी दीडला ताई यायची. "चल, मी हाय उभी." सहा महिने आली. मी आत बसायचे आणि दाराखालच्या फटीतून तिच्या चपला दिसायच्या. मला ते सहन होईना. मी अर्ज केला, सुतार बोलावला आणि दाराला कडी बसवून घेतली. 'महिलांच्या सोयीसाठी' म्हणून नोटीस बोर्डावर माझं कौतुक लागलं. ताई म्हणाली, "बरं केलंस बाई, सुटले मी." बघा, कडीसुद्धा मी माझ्यासाठी बसवली.

रामकुंड माझ्या सासरच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. कुठून कुठून लोक येतात पाप धुवायला. मी कधी पाय नाही बुडवला. भक्ती नाही म्हणून नाही — फुकटात सुटायचं नाही म्हणून.

ताई निवृत्त झाली तेव्हा नारळ, शाल, साहेबांचं भाषण, सगळं झालं. देवरे साहेब चांगलं बोलले, त्या प्रकरणाचं नावही नाही काढलं. लोक बटाटेवडे खायला वळले आणि ताईनं माझा हात धरून मला बाजूला घेतलं. मला वाटलं, कळलंय हिला. आता बोलणार. बरं होईल, बोलू दे! खरं सांगते, त्या क्षणी मला हवं होतं.

ती म्हणाली, "स्वाते, एक विचारू? तुला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून विचारते. ते अकरा दिवस... मी खरंच मोजलं होतं ना गं? लय आठवून बघते. चालत आलेलं आठवतं. गेज हातात घेतलेला आठवतो. पण पानं तर नव्हती. तू पण शोधलीस, नाय सापडली. मग मला वाटतं, मीच तर नसंल केलं? दमले असंन. आदल्या दिवसाचं ठेवलं असंन."

समजतंय का तुम्हाला? पद गेलं, नाव गेलं, ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती घरी जाऊन स्वतःच्याच हातांवर संशय घेत होती. अठरा वर्षं बोअर मोजणारी बाई, आणि मोजलं की नाही ते मला विचारत होती. मला!

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "जाऊ दे ना ताई, आता कशाला ते."

"हां," म्हणाली. "जाऊ दे." आणि वडा खायला गेली.

आतापर्यंत मी जे सांगितलं ते एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. तेव्हा कंत्राट नव्हतं, तेवीस वर्षं वय नव्हतं, साहेब डोक्यावर नव्हते. कुणी माझं काय घोडं मारलं असतं? काहीही नाही. तरी नाही सांगितलं.

ताई आहे अजून. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, लेकीजवळ. 'मग जाऊन सांग की' — म्हणाल तुम्ही. दोनदा गेले होते. चहा पिऊन आले. त्याचंही कारण देत नाही.

ती अकरा पानं माझ्याकडे आहेत. कारखान्यात कॉम्प्युटर बदलले तसे मी ती एकातून दुसऱ्यात नेली, फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पुढे. नोकरी सोडताना बरोबर घेऊन आले. मधूनमधून उघडते. ताई, तू मोजलं होतंस. रोज, पंचवीस नग. पर्वणीच्या दिवशीचा तुझा पहिला आकडा बत्तीस पॉइंट शून्य एक दोन आहे, दुसरा बत्तीस पॉइंट शून्य शून्य नऊ. आणि शेऱ्याच्या रकान्यात, इंग्रजी अक्षरांत, तुझ्या हातचं आहे — 'रिक्षा बंद. चालत आले. उशीर झाला. पंचवीसच्या पंचवीस मोजले.'